मशीन बसवायचंय, वाघर काढ

आमच्या घराण्याचा धंदा खत घालायचा. घरी नवा पाहुणा आला की हे वाक्य मी त्याच्या हातात चहा दिल्यावर बोलतो. आधी नाही, कारण हातात भरलेला कप असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. पाहुणा एकदा कपाकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो. मग मी मांडी घालून ऐसपैस बसतो आणि सुरुवात करतो.

आम्ही धनगर. गाव कवठे महांकाळच्या पलीकडे, माळावर. माझे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, उमेदीच्या वयात मेंढरं घेऊन कुंडलच्या बाजूला बागायती रानांत जायचे. तिथले शेतकरी त्यांची वाट बघायचे. संध्याकाळी रानात मेखा ठोकून त्यांना जाळी ताणायची, तिला वाघर म्हणतात. वाघरीच्या आत कळप बसवायचा. सकाळी कळप उठला की खालची जमीन लेंड्यांनी खतावलेली असायची. पुढच्या संध्याकाळी वाघर शेजारच्या तुकड्यात. याला म्हणायचं मेंढरं बसवणं, आणि आमच्या घरात 'बसवणं' या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा या शब्दानं केला.

आता मेंढरं राहिली नाहीत. माळावर कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि मका आला. मक्याला युरिया लागतो, आणि युरिया घालायला बाईमाणसाचे हात लागतात. घमेलं कमरेवर घ्यायचं, वाकायचं, चिमूटभर युरिया ताटाच्या बुडाशी सोडायचा, पुढच्या ताटाशी जाऊन पुन्हा वाकायचं. पूर्वी या कामाला गावातल्या बायका मिळायच्या. आता आमचा मका गुडघ्याएवढा होतो नेमकी त्याच वेळी तासगावकडे द्राक्षांच्या थिनिंगची, म्हणजे घडातले मणी विरळ करायची, घाई असते. सकाळी पिकअप येते, धडधाकट बायका तीत बसून जातात, आणि गावात उरतो मी आणि माझी बायको. माझ्या मणक्यात गॅप आहे. उगाच सांगत नाही, मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलाय. त्यामुळे वाकायची कामं आपोआप बायकोकडे गेली. त्या गॅपनं मला आयुष्यात पुष्कळ साथ दिली आहे.

बायकोचा जीव मात्र रानात नाही, सुईत आहे. ती नवरीच्या ब्लाऊजवर आरीकाम करते. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणायचं आणि हुकाच्या सुईनं त्यावर मणी आणि जर भरायची. मोबाईलवर बघून शिकली, आणि आता आजूबाजूच्या गावांतून बायका कापड घेऊन दारात येतात. अडचण एकच. युरियानं तिच्या बोटांना भेगा पडतात. भेगेत युरिया शिरला की चरचरतो, आणि भेग सुकली की तिची कड टोकदार होते. त्या बोटाखाली रेशीम आलं की धागा अडकतो आणि ओढला जातो. हातमोजे घालून पाहिले, तर आत घाम आणि घामात युरिया. हात आणखी बिघडले.

मागच्या हंगामात एका ब्लाऊजच्या पाठीवर तिनं मोर भरला होता. शेवटचा हात फिरवताना मोराच्या मानेपाशी धागा ओढला गेला. नवरीच्या आईनं कापड उजेडात धरलं, पिशवीत घातलं, आणि धाकट्या मुलीचं कापड दुसरीकडे घेऊन गेली. त्या संध्याकाळी बायकोनं चौकट पलंगाखाली सरकवली आणि मला म्हणाली,

"आवं, ऐका. आजपासनं मी खताला हात लावणार न्हाई."

"मग मक्याला कोण घालणार?"

"ते तुमी आन तुमचा गॅप बघून घ्या."

"म्हंजे मका बंद करायचा?"

"मका लावा न्हाईतर नका लावू. ह्या हातांनी एक तर खत हुईल, न्हाईतर रेशीम. मी रेशीम म्हणती."

मला वाटलं, राग आहे, उतरेल. राग नव्हताच, त्यामुळे उतरला नाही. नवा मका उगवला, पोटरीएवढा झाला, खालची पानं पिवळी पडायला लागली. ती रोज बांधावरून बघायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून, पाहणीला आलेल्या साहेबासारखी.

अशा दिवसांत मी कडबाकुट्टीचं पातं घेऊन तासगावला मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मिस्त्री नुकतेच जुम्म्याची नमाज उरकून आले होते. "या पाटील," असं त्यांनी माझं स्वागत केलं. काम उशिरा होणार असेल तेव्हाच ते मला पाटील म्हणतात. पातं टाकून मी बसणार, तेवढ्यात कोपऱ्यात एक जनावर उभं दिसलं. सायकलची चार चाकं, वर पत्र्याची चौकट, चौकटीवर खताचा डबा, डब्यातून दोन्ही बाजूंना खाली उतरलेल्या नळ्या, पुढं दोन कॅमेरे. उंचीनं थेट मेंढराएवढं.

"हे काय केलं?"

"चौकट माझी, अक्कल त्यांची," मिस्त्रींनी बोट दाखवलं. स्टुलावर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. सांगलीची इंजिनिअर. नखांत ग्रीस होतं, म्हणून माझा लगेच विश्वास बसला. "दोन वळींच्या मधनं चालतंय. डोळ्यांनी पान बघतंय. हिरवं दिसलं की पुढं, पिवळं दिसलं की थांबून चिमूटभर खत. लयच पिवळं असंल तर दोन चिमटी."

"हात लावायला लागत नाही?"

"डबा भरताना पोतं वतायचं, बास."

मी पातं विसरलो. ती मुलगी सांगत होती की तिला मशीन हंगामभर वापरून बघायला रान हवंय. कुंडलच्या एका बागायतदारानं त्याचं रान देऊ केलंय. पण तिथली जमीन एवढी चांगली की सगळं पीक सारखंच हिरवं, मग मशीनची परीक्षा होणार कशी?

हे ऐकून मी उभा राहिलो. मी जत्रेच्या नाटकात काम केलेला माणूस आहे, बसून संवाद म्हणता येत नाही. म्हटलं, "मॅडम, आमच्याएवढं वाईट रान तुम्हाला सांगली जिल्ह्यात मिळणार नाही. एका कोपऱ्यात मुरूम, दुसऱ्यात चिकण माती, मध्ये खडक. एका वळीत चार रंगांचा मका. शेजारी शेजाऱ्याला ओळख देत नाही असं पीक आहे."

ती हसली. "बरं काका, रविवारी येऊन मशीन बसवू. जमलं तर हंगामभर तुमच्याकडे. नाही जमलं तर कुंडल."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघू." मग आबांकडे वळलो. आबांना ऐकू कमी येतं, आणि जेवढं ऐकायचं असतं तेवढंच येतं.

"आबा, रविवारी आपल्या मक्यात मशीन बसवायचंय."

आबांनी तांब्या खाली ठेवला. "कुणाचं हाय?"

"सांगलीच्या मॅडमचं."

"किती रात्री बसवणार?"

मी हसलो. आबा हसले नाहीत. मी म्हटलं, "ते त्यांनाच विचारा," आणि बाहेर जाऊन बायकोसमोर पोट धरून हसलो. आत आबा माळ्याकडे बघत मला हाक मारत होते, "वाघर काढ रं जरा."

रविवारी सकाळी टेंपो रानाच्या कडेला लागला, तेव्हा मक्याच्या वरच्या तुकड्याभोवती मेखा ठोकून जाळी ताणलेली होती. जाळीच्या तोंडाशी आबा, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. कितीतरी वर्षांनी रानात कळप येणार होता.

मिस्त्री खाली उतरून जाळीकडे बघत राहिले. "आबा, हे काय पळून जातंय व्हय?"

"सगळी असंच म्हणत्यात," आबा म्हणाले, "आन सकाळी शेजाऱ्याच्या रानात गावतंय."

इंजिनिअर मुलगी हळूच म्हणाली, "खरं तर कुंपण असलेलं बरं. कधीकधी ते वळण चुकतं." आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी टेंपोमागे गेलो. मग त्यांनी तिला विचारलं, "किती रात्री?"

"हंगामभर, आजोबा."

"एवढं खत कुठलं बी रान सोसत न्हाई, पोरी."

मशीन खाली उतरवलं. आता कळप रानात शिरायच्या आधी आमच्याकडे जे करतात ते आबांनी केलं. पिशवीत हात घातला, मूठभर भंडारा काढला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून मशीनवर उधळला. दुसरी मूठ मक्याच्या पहिल्या वळींवर. आमचा भंडारा म्हणजे चोख हळद, सांगलीच्या बाजारातली. उन्हात ती अशी चमकली की मीसुद्धा हात जोडले. मुलीनं कौतुकानं फोटो काढला. काही चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही. नवी वस्तू भंडाऱ्याशिवाय चालू करणं हेच आम्हाला चुकल्यासारखं वाटलं असतं.

मशीन चालू झालं. पहिल्या ताटाशी थांबलं. दोन चिमटी. दुसऱ्या ताटाशी थांबलं. दोन चिमटी. तिसऱ्याला दोन, चौथ्याला दोन. मक्याच्या बुडाशी पांढरी रांगोळी पडत चालली. मग ते जरा तिरकं वळलं आणि वाघरीच्या मेखेलाही दोन चिमटी दिल्या. मिस्त्रींनी चपला काढून ठेवल्या होत्या, त्यांनाही मिळाल्या. अर्धी वळ संपायच्या आत डबा रिकामा.

आबा खूश. "बसलं," ते म्हणाले. "मेंढरू बी पयल्या दिशी असंच बसतंय एका जाग्याला."

मुलगी लॅपटॉपवर वाकली होती. तिचा चेहरा उतरला. "याला सगळं शेत उपाशी दिसतंय. बांधसुद्धा."

माझी बायको चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली, मशीनसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या डोळ्यात डोळा घालून बघितलं. मग उठून म्हणाली, "कावीळ झालीया ह्याला. मामंजींनी डोळ्यात भंडारा घातलाय. आता सगळं पिवळंच दिसणार की."

मिस्त्री एवढे हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. मुलीनं कॅमेऱ्याच्या काचा पुसल्या, डबा पुन्हा भरला, मशीन पुन्हा सोडलं. आता मेख वाचली, चपला वाचल्या. पण भंडारा पडलेल्या वळींत त्यानं तेच केलं, प्रत्येक ताटाला दोन चिमटी.

"पानांवरही पडलाय," ती म्हणाली. "भुकेचं पिवळं आणि हे पिवळं, यातला फरक त्याला शिकवलेलाच नाही." तिनं लॅपटॉप मिटला. टेंपोवाला किल्ली खुळखुळवत होता. "मला वाटतं, कुंडललाच जावं."

मी बायकोकडे बघितलं. तिचे हात पाठीमागे होते, पण आता एकमेकांना घट्ट धरलेले.

"शिकवलं न्हाई तर शिकवा की," ती म्हणाली.

"काकू, त्याला ढीगभर फोटो लागतात. वेगवेगळी पानं, वेगवेगळी उन्हं. भंडारा पडलेल्या मक्याचे फोटो जगात कुणाकडे असणार?"

"भंडाऱ्याला काय तोटा हाय आमच्याकडं? मका हितं, भंडारा हितं, टाकणारा हितं. फोटू काढायचं तेवढं तुमी बघा."

मी शहाणपणानं मध्ये पडलो. "त्यापेक्षा पानं धुऊ आणि आबांना सांगू, पुन्हा टाकू नका म्हणून. विषय संपला."

दोघी माझ्याकडे वळल्या. मुलगी म्हणाली, "काका, हे मशीन उद्या दुसऱ्या गावात जाईल. तिथंही कुणीतरी हळद-कुंकू लावणारच. गावागावात जाऊन पूजा करू नका म्हणण्यापेक्षा ह्याला शिकवणं सोपं आहे." बोलता बोलता तिचं स्वतःचंच मत पक्कं होत गेलं असावं, कारण तिनं तिथंच फोन लावला आणि कुंडलच्या बागायतदाराकडून पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. टेंपो रिकामा परत गेला. मशीन वाघरीत राहिलं. आबांनी रात्री उठून एकदा बघून घेतलं म्हणे.

तो आठवडा आमच्या घरातला सगळ्यात गमतीचा. मुलगी रोज सांगलीहून गाडीवर यायची. आबांची नेमणूक झाली होती भंडारा टाकायला. "आजोबा, आज विरळ टाका." "आजोबा, आता नुसत्या शेंड्यावर." "आजोबा, पान ओलं करून टाका." आबा पटका बांधून तयार. प्रत्येक मुठीला चांगभलं म्हणायचे. ती म्हणाली, दरवेळी म्हणायची गरज नाही. ते म्हणाले, मग दरवेळी टाकायची बी गरज न्हाई.

बायको फोटो काढायची. भेगाळलेलं बोट मोबाईलच्या काचेला कळत नाही, म्हणून ती आवाजाच्या बटणावर फोटो घ्यायला शिकली. दुपारी दोघी ओसरीत बसून एकेका फोटोवर माउसनं चौकोन काढायच्या आणि वर नाव घालायच्या. नावं दोनच. एक 'भुकेचं', दुसरं 'देवाचं'. मुलीनं सांगितलं होतं की भुकेचं पिवळं खालच्या पानावर येतं, टोकापासून सुरू होतं आणि मधल्या शिरेनं आत घुसतं. देवाचं वरून पडतं आणि वरच्या पानांवर बसतं. एवढं कळूनही चुका व्हायच्याच. बायकोनं एकदा भुकेलं पान देवाला दिलं. मुलीनं एकदा माझ्या बनियनच्या डागाला चौकोन काढला. आबांना तर विचारणंच बंद केलं, कारण त्यांना सगळंच देवाचं दिसायचं.

"इतकी घासाघीस केल्यावर तरी कळंल का त्याला?" मी एकदा विचारलं.

"तुमाला स्वयंपाकघरातला जिऱ्याचा डबा कळायला किती वर्षं लागली?" बायको मान वर न करता म्हणाली. "अजून शहाजिरं देता."

पुन्हा रविवार उजाडला. मिस्त्री आले, टेंपोही आला, रिकामं जायचं की भरून हे दुपारी ठरणार होतं. बायकोनं सगळ्यांना अट घातली, "आज दिसभर खताला कुणी हात लावायचा न्हाई. पोतं वता, पण आत हात न्हाई. हातच घालायचा आसंल तर मग माझं हात काय वाईट व्हतं?"

आबांनी पहाटेच कुठल्यातरी वळीत भंडारा टाकून ठेवला होता आणि कुठल्या ते सांगायला तयार नव्हते. "परीक्षा हाय न्हवं? आधी पेपर कशाला दावू?"

मशीन निघालं. चिकण मातीतलं हिरवं पीक त्यानं न थांबता पार केलं. वळलं, परत आलं. तिसऱ्या का चौथ्या फेरीला एका ताटाशी थांबलं. वरची पानं पिवळीधमक. आबांचा पेपर. आम्ही कुणी हललो नाही. मशीनही हललं नाही. एवढा वेळ थांबलं की मिस्त्री पुटपुटले, "बंद पडलं काय की." मग चाकं फिरली आणि ते पुढं गेलं. बुडाशी एक दाणा नाही.

"वळखलं," आबा म्हणाले. नातवानं पहिलं पाऊल टाकल्यावर आजोबाचा होतो तसा त्यांचा आवाज झाला होता.

मुरमाच्या कोपऱ्यात खालची पानं टोकापासून वाळत आली होती. तिथं ते बरोबर थांबत गेलं, एकाला चिमूट, दुसऱ्याला दोन. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि तिथंच घात झाला. मशीन थांबायचं, टकटक करायचं, पण नळीतून काही पडेना. दहिवरानं युरियाचे गठ्ठे झाले होते आणि डब्याचं तोंड बुजलं होतं.

सगळ्यांची नजर डब्याकडे गेली आणि मग आपापल्या हातांकडे. आत हात घालून गठ्ठे चुरडायचे, क्षणाचं काम. बायको सगळ्यांत जवळ उभी होती. तिचा उजवा हात पाठीमागून सुटून पुढं आला, हवेत तसाच थांबला आणि पुन्हा मागं गेला. "न्हाई," ती म्हणाली. आम्हाला नव्हे, त्या हाताला.

मिस्त्री सळई शोधायला टेंपोकडे धावले. त्यांच्या आधी आबा पुढं झाले. काठी उलटी धरली, तिचं बारीक टोक डब्यात घातलं आणि अडून बसलेल्या मेंढराला ढोसतात तसं ढोसलं, "हुर्र, चल." गठ्ठा फुटला, नळीतून खत सुटलं, मशीन पुढं चाललं. मग शेवटच्या वळीपर्यंत आबा त्याच्या बाजूनं चालत राहिले, दर वळणाला डब्यात काठी फिरवत. पुढं मिस्त्रींनी डब्यात सायकलच्या तारांचं ढवळणं बसवलं, तेव्हा आबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

उन्हं चढायच्या आत रान पुरं झालं. मुलीनं कुंडलला फोन करून सांगितलं, यंदा नाही जमणार. टेंपोत जागा होती, म्हणून माझी कडबाकुट्टी तासगावला गेली.

मक्याला खताचा दुसरा हप्ताही मशीननंच घातला. कणसं भरेपर्यंत बायकोच्या बोटांवर नवी कातडी आली होती. ती रात्री खोबरेल लावायची आणि दिवसा कुणाला दाखवायची नाही. मीही विचारत नव्हतो. मग एका दुपारी इंजिनिअर मुलगी आली, तिच्या बहिणीच्या लग्नाचं कापड घेऊन. राणी रंगाचं, इतकं मऊ की आबा म्हणाले हे अंगावर राहणार कसं.

बायकोनं हात धुतले, पुसले. कापड गुडघ्यावर पसरलं. मग उजव्या हाताचं मधलं बोट, ज्यानं मोराची मान ओढली होती ते, कापडावरून एकदा वर आणि एकदा खाली फिरवलं. धागा ओढला गेला तर आवाज येतो, म्हणून आम्ही सगळे कान देऊन होतो. आबांनीसुद्धा. तिनं आणखी एकदा फिरवलं, या वेळी जोर देऊन.

कापडाची घडी घालून ती मुलीला म्हणाली, "मोर काढू?" आणि मला म्हणाली, "आवं, चौकट द्या."

चौकट पलंगाखाली होती, पार भिंतीकडे सरकलेली.

"वाकायला लागंल," मी कमरेवर हात ठेवून म्हणालो.

"वाका," ती म्हणाली.

मी वाकलो.